आढं एक, चुली तीन: गावठाणातलं घर वाचायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: घणसोली गावठाणातलं आजोबांचं कौलारू घर पावसाळा सरला की पाडणार आहेत. विचारणारे आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्याच घराचा नकाशा काढून ‘पारंपरिक घराच्या मांडणीत समाजरचना कशी दिसते’ हे त्यांना दाखवायचंय. तुलनेला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं एक घर आणि येऊरच्या पाड्यावरचं एक घर घेतलंय. मार्गदर्शक म्हणतात, ओटी पुरुषांची, माजघर बायकांचं, देवघर पवित्र, असे तीन रंग भरा. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. हा तीन रंगांचा नकाशा डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही घरावर चिकटवता येतो, आणि जो कुठेही चिकटतो तो तुमच्या घराबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय ती विभागणी मुळात वाड्यांवरून उचललेली आहे. भातशेती आणि मिठागरं करणाऱ्या आगरी घरात बाई लावणीला, कापणीला, झोडपणीला बाहेर असते. तिला ‘माजघरात’ कोंडणारा नकाशा कागदावरच खरा.

तुम्हाला खरं तर तीन गोष्टी शोधायच्या आहेत. इथे एका चुलीवर किती जण जेवत होते? वाटण्या कशा झाल्या? आणि बाहेरचा माणूस कुठवर आत येऊ शकत होता? खोल्यांची नावं यानंतर. उत्तरं घराघराला बदलतील. जमीन किती होती, ती स्वतःची की कुळाने कसलेली, मुलगे किती, घर एकदाच बांधलं की खणाखणाने (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा) वाढवलं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून ‘आगरी घर असं असतं’ हे वाक्य अहवालात नको. ‘हे घर असं का झालं’ एवढंच लिहा, आणि तेही पुराव्यासकट.

सुरुवात चुलीपासून करा. आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलंय: भाऊ वेगळे झाले म्हणजे ‘चूल वेगळी झाली’. भिंत नंतर येते, कागद तर कितीतरी वर्षांनी. आज किती चुली (किंवा शेगड्या) आहेत ते मोजा, मग वर बघा. वासे आणि रिपा कुठे काळ्या पडल्यात? जिथे वर काजळी आहे पण खाली चूल नाही, तिथे जुनी चूल होती. जिथे चूल आहे पण वरचं लाकूड उजळ आहे, ती नंतरची. एक आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) सलग जातंय आणि त्याखाली तीन चुली आहेत, तर घर एकत्र असताना बांधलं आणि नंतर फुटलं. आढी वेगळी आणि मधली भिंत सामाईक असेल, तर घर शेजारी शेजारी वाढत गेलं. दोन्हींचा अर्थ पार वेगळा, आणि नुसत्या जमिनीच्या नकाशात तो फरक दिसत नाही. त्यामुळे छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारं चित्र) काढल्याशिवाय हा अभ्यास करूच नका.

वाटणीची दिशाही बघा. समजा घर ३० फूट रुंद आणि ४५ फूट खोल आहे आणि भाऊ तीन. वाटणी जवळपास नेहमी पुढून मागे होते, म्हणजे दहा-दहा फुटांच्या तीन लांब पट्ट्या. आडवी का नाही? आडवी केली तर एकाला ओटी आणि अंगण मिळेल, दुसऱ्याला नुसती चूल आणि परस. ओटीशिवाय पाहुण्याला बसवायला जागा नाही, मागच्या दाराशिवाय पाणी, सरपण आणि सांडपाण्याची सोय नाही. प्रत्येक भावाला दोन्ही तोंडं हवीत. त्यात बांधणीचीही सोय आहे. खांबांच्या रांगेत कूड (काठ्यांची लिंपलेली भिंत) किंवा विटेची भिंत घातली की तुळईला हात लावावा लागत नाही. त्यामुळे वाटणी फुटांत न होता खणांत होते, ‘दोन खण तुझे, दोन माझे’. खण विषम निघाले की उरलेल्याची भरपाई गोठ्याने, परसातल्या जागेने किंवा माळ्याने करतात. तुमच्या घरात एका काकांच्या वाट्याला अचानक गोठ्याची जागा दिसली, तर तिचं कारण इथे शोधा. आणि एक मोकळं सत्य: या पट्ट्यांत बहिणीची पट्टी नसते. हिंदू वारसा कायद्यातली १९९४ची महाराष्ट्राची दुरुस्ती आणि २००५ची केंद्राची, या दोन्हींनी मुलींना कागदावर समान हक्क दिला. जुन्या भिंतींना ते माहीत नाही.

चुलीनंतर धान्य. माजघरात किंवा त्याला लागून धान्य साठवायच्या कणग्या असायच्या, बांबूच्या विणलेल्या आणि शेणाने लिंपलेल्या. कणगी गेली तरी जमिनीवर तिचा गोल बहुतेक वेळा राहतो. तिथे सारवण वेगळं दिसतं, किंवा खालचे बैठकीचे दगड उरलेले असतात. तो गोल मोजा आणि उंची घरच्यांना विचारा. व्यास ४ फूट आणि उंची ५ फूट असेल तर ती साधारण ६३ घनफूट भरते. घनफुटाला १६ किलोच्या आसपास भात धरा, म्हणजे सुमारे १,००० किलो. कांडून तांदूळ निघतो दोन तृतीयांशाच्या आगेमागे, म्हणजे साडेसहाशे किलो. तिन्ही त्रिकाळ भात खाणारं मोठं माणूस दिवसाला ४५० ग्रॅम तांदूळ खातं असं धरलं, तर वर्षाला १६५ किलो होतात. म्हणजे ही एक कणगी चार माणसांची. असे तीन गोल सापडले तर बारा माणसं एका साठ्यावर जगत होती, मग आज तिथे चुली कितीही असोत.

हा हिशोब वेदवाक्य मानू नका. त्यातून बियाणं वेगळं काढायचं, मजुरी भातात द्यायची. आणि कसणारा कूळ असेल तर मालकाचा वाटा कणगीत पडण्याआधीच खळ्यावरून उचलला जायचा. १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, म्हणजे कसणाऱ्याला मालक मानण्याची तारीख, हा घराच्या आतला बदल आहे हे कुणी लिहीत नाही. त्याआधी आणि त्यानंतर साठवणीची जागा वाढली का, हे घरातल्या वयस्करांना जरूर विचारा.

आता घराबाहेर या. गावठाणात घराचा नकाशा जोत्याच्या कडेला संपत नाही. आळी ही भावकीची असते. एका पूर्वजाची घरं एकाच अंगणाला तोंड करून, नाहीतर पाठीला पाठ लावून उभी असतात. म्हणून आळीचा १:२००चा नकाशा हवा आणि त्यात प्रत्येक घराच्या मूळ पुरुषाचं नातं. आडनाव पुरणार नाही, कारण अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं. अंगणातली सामाईक वस्तू कुठली तेही नोंदवा: उखळ, विहीर, खळं, तुळस. हळदीचा मांडव कुणाच्या अंगणात पडतो आणि त्याला कुणाची परवानगी लागते, हेही विचारा. गावकीची बैठक, गावदेवीचं देऊळ आणि होळीची जागा हे तीन बिंदू त्याच नकाशावर टाका. त्यांच्यापासून कोणती आळी जवळ आणि कोणती लांब, यात गावातली जुनी पत दिसते.

मग उंबरठे. हा भाग विद्यार्थी हमखास वगळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यांत जास्त माल याच भागात आहे. प्रत्येक जागेला एक ठिपका द्या, प्रत्येक दाराला एक रेघ, आणि अंगणापासून मोजत जा. ओटी एक उंबरठा आत, माजघर दोन, चूल तीन. मग हाच नकाशा वेगवेगळ्या माणसांसाठी काढा. व्याही कुठवर येतो? मासळीची पाटी घेऊन दारावर आलेली बाई कुठे थांबते? सुईण कुठल्या दाराने येते? शेतावरचा मजूर कुठे जेवतो, आणि त्याचं ताट कोण धुतं? पुढचं दार आणि मागचं दार अशी दोन सुरुवातींची दोन चित्रं काढलीत तर चूल एकात सगळ्यांत खोल दिसेल आणि दुसऱ्यात सगळ्यांत जवळ. घरातल्या बायकांचं जग त्या दुसऱ्या चित्रात असतं.

इथे गोडगोड लिहू नका. घराच्या मांडणीतली पहिली भिंत घरात नसतेच. ज्यांना गावाने अस्पृश्य मानलं त्यांची वस्ती गावठाणाच्या कडेला असायची आणि पाणवठा वेगळा. कामाला आलेला माणूस खळ्यापर्यंत चाले, ओटीवर नाही, आणि पाणी ओंजळीत वरून ओतलं जाई. तुमच्या गावात हे कसं होतं ते त्या वस्तीतल्या वयस्करांनाही विचारा. फक्त आळीतल्यांना विचाराल तर ‘आपल्याकडे तसं काही नव्हतं’ एवढंच ऐकाल. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या वाड्यांत बाहेर बसलेल्या बाईची जागा मागच्या दाराशी ठरलेली असे. तुमच्या घरात तशी जागा होती का, हे बाईने बाईला विचारावं. मुलाने विचारलं तर उत्तर मिळणार नाही.

आणि विचारायचं कुणाला? आजोबांच्या आधी आत्याला. लग्न होऊन गेलेल्या आत्याच्या डोक्यात भावांच्या वाटणीआधीचं घर जसंच्या तसं असतं. तिने नंतरच्या भिंती रोज पाहिल्या नाहीत, म्हणून जुनं चित्र पुसलं गेलं नाही. तिला ‘ही खोली कशासाठी होती’ असं विचारू नका. त्याला आदर्श उत्तर मिळतं. ‘तुझ्या लग्नात तुला हळद कुठे लावली’, ‘धाकटा कुठे जन्मला’, ‘भाताच्या गोण्या कोण कुठून आत आणायचं’, असे प्रश्न विचारा. घडलेल्या प्रसंगाला जागा असते, आणि ती जागा मोजता येते.

चेंदणीला हे सगळं उलटंपालटं होईल. तिथे खळं नाही, कणगीचा गोल नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि रुळांनी कोळीवाड्याचे पूर्व-पश्चिम दोन भाग केले. त्यामुळे कुठल्या बाजूचं घर घेताय ते आधी लिहा. खाडी आणि बंदर कुठल्या अंगाला हे कळल्याशिवाय घराचं तोंड समजत नाही. कोळीवाड्यात स्वतःचं अंगण जवळपास नसतंच, बोळ हेच अंगण. डोल (पिशवीसारखं मोठं जाळं) पसरायला, जाळं विणायला घराची ओटी पुरत नाही, म्हणून घराच्या नकाशात बोळाचा तो तुकडा धरावाच लागतो. जाळी, दोर, वल्ही, बोये कुठे ठेवतात आणि मासळीच्या पाट्या कुठे, हे दोन वेगवेगळ्या खुणांनी दाखवा. पकड पुरुषांची, विक्री आणि रोकड बाईची. तेव्हा ‘ओटी पुरुषांची’ हे सूत्र इथे पहिल्याच दिवशी मोडेल. पैसे कुठल्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे, हे विचारून ते कपाट नकाशात काढा. कोळी घराची सत्ता देवघरापेक्षा त्या कपाटाने जास्त कळते.

येऊरच्या पाड्यावर दुसरी अडचण. वारली घराचा नकाशा काढलात तर मोठी एकच खोली दिसेल आणि तुम्ही ‘विभागणी नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. विभागणी आहे, ती भिंतींनी केलेली नाही एवढंच. कणगी मधे आडोशासारखी ठेवली की तिच्यामागे निजायची जागा होते. गुरं एका अंगाला, चूल दुसऱ्या, माळ्यावर सरपण आणि अवजारं. म्हणून तिथे एक नकाशा पुरत नाही. पहाटे, दुपारी आणि रात्री असे तीन काढा. लग्नाच्या वेळी सुवासिनी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. तो कुठल्या भिंतीवर लिहितात ती भिंत ठळक करा, कारण त्या घराची सगळ्यांत महत्त्वाची भिंत तीच. कुडाच्या कारवीबद्दलही विचारा. कारवी हे झुडूप सात-आठ वर्षांनी फुलून मरतं आणि काठ्या कुडाला येतात. पण पाडा राष्ट्रीय उद्यानात आहे, जंगलातून काही आणण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे कूड जाऊन वीट येते. एकदा विटेची भिंत आली की ती हलत नाही, आणि कणगी सरकवून खोली बदलायची सोय संपते.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: घणसोलीत चूल, कणगी आणि पट्ट्या, चेंदणीत बोळ आणि कपाट, येऊरला वेळ आणि चौकाची भिंत. तिन्ही घरांना एकच तक्ता लावायचा मोह होईल, तो आवरा. तिन्हींत समान ठेवायचं ते फक्त उंबरठ्यांचं चित्र.

घणसोलीचा एक थर मात्र अजून राहिला. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी त्या नव्या शहरासाठी गेल्या. शेत गेलं की कणगी रिकामी झाली, आणि कणगीच्या जागी भाडोत्री आला. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या १९८४च्या जासईच्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड (गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे, परत दिलेले) आले, गावठाणात आणि त्याच्या कडेने ‘गरजेपोटी’ची, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीविना बांधलेली, घरं उभी राहिली. ती विद्रूप म्हणून नकाशातून गाळू नका. त्यात जुनीच मांडणी उभी केलेली दिसते. पूर्वी भावांच्या पट्ट्या शेजारी शेजारी होत्या, आता एकावर एक मजले. जिना बाहेरून असेल तर चुली वेगळ्या, आतून असेल तर बहुधा अजून एक. तळमजल्यावर ओटीचा गाळा झालेला असतो आणि भाडोत्र्यांचं दार मागच्या बोळातून, म्हणजे पूर्वीच्या मागल्या दारातूनच. उंबरठ्यांचं चित्र या इमारतीचंही काढा आणि जुन्याशेजारी ठेवा.

परीक्षक वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या बेलापूरच्या वसाहतीचा विषय काढणारच. तिथे सात घरं ८ मीटर बाय ८ मीटरच्या चौकाभोवती आहेत, आणि असे तीन गट मिळून २१ घरांना एक मोठा चौक. आकृती आळीसारखी आहे. फरक इतकाच की आळीतले सात जण एका पणजोबाचे असतात आणि तिथले सात जण वाटपाच्या यादीतले. सामाईक अंगण कोण झाडणार, हे पणजोबा ठरवून गेलेले असतात. यादी ते ठरवत नाही.

आता मोजणी. दोन माणसं, ३० मीटरचा फीत-टेप, ५ मीटरचा छोटा टेप, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी आणि खडू. लेझर मीटर चालेल, पण कुडाच्या खडबडीत भिंतीवर तो फसवतो. नळीने सगळ्या घरात जमिनीपासून साधारण १ मीटरवर एक सपाट रेघ मारा. सगळ्या उंच्या त्या रेघेपासून वर-खाली घ्या, कारण सारवलेली जमीन कुठेच सपाट नसते. लांबी तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज करू नका. टेपचं टोक एका कोपऱ्यात धरा आणि दार, खांब, खिडकी असं चालतं माप वाचत जा. तुकड्यांत प्रत्येक वेळी अर्धा इंच चुकलात तर दहा तुकड्यांत भिंत पाच इंच सरकते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. जुन्या घरात काटकोन क्वचितच असतो, आणि कर्ण नसतील तर घरी बसून काढलेला नकाशा जुळत नाही. मग विद्यार्थी भिंती ‘सरळ’ करतात, आणि नंतर घातलेल्या तिरक्या भिंतीचा पुरावाच जातो. घर १:५०, दार-चौकट १:२०.

फर्निचर हलकं दाखवा, खुणा ठळक: जात्याच्या खुंट्याचं भोक, जमिनीत बसवलेलं उखळ, तुळईला पाळण्याची कडी, झिजलेला उंबरठा, खांबावरच्या रिकाम्या खाचा. खाच म्हणजे तिथे कधीतरी आडवं लाकूड होतं, म्हणजे माळा किंवा पडदी. खोल्यांना घरच्यांचे शब्द द्या. एकाची ओटी ती शेजाऱ्याची पडवी, आणि दोघंही बरोबर असतात. वास्तुशास्त्राची दिशाचर्चा टाळा. दार कुठे आहे याचं कारण बहुतेक वेळा पाऊस, बोळ किंवा भावाची भिंत यातलं एक असतं.

पाडकामाचा दिवस हा मोजणीचा शेवटचा दिवस धरा. ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा की कौलं उतरली की भिंतींना एक दिवस हात लावू नका. गिलावा निघाला की बुजवलेली दारं दिसतात: दोन भावांच्या मधलं, माजघरातून माजघरात जाणारं दार, वाटणीनंतर विटांनी भरलेलं. ते सापडलं तर त्याचं माप घ्या, विटा कुठल्या आहेत ते बघा, टेप लावून फोटो काढा आणि आत्याला दाखवा. चौकट आणि खांब ठेवून घ्यायचे असतील तर उतरवण्याआधी ऑइल पेंटने क्रमांक टाका आणि तेच क्रमांक नकाशावर. खडूचे आकडे पहिल्याच पावसात जातात.